बोटभर आखूड

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही खरं तर मापांची आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलंय: उंची, छाती, कंबर, बाही. ह्यांनी शिवणाचं दुकान बंद केलं तेव्हा अशा सात कोऱ्या वह्या उरल्या होत्या. त्यातली एक काल माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "डावा हात मोडलाय, उजवा नाही. दिवसभर माझ्यावर करवादतेस त्यापेक्षा ह्यात लिही."

तर लिहिते. शनिवारी स्टुलावर चढून कपाटावरची जुनी धड्यांची पुस्तकं काढत होते. हे म्हणत होते, थांब, मी काढतो. मी म्हटलं, तुमची वाट बघत बसले तर पुस्तकांना पाय फुटतील. पुस्तकांना पाय फुटले नाहीत, माझाच घसरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मनगट दोन ठिकाणी मोडलं आहे, सहा आठवडे प्लास्टर. नंतर व्हायोलिन वाजवता येईल ना, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "बघू." आणि एक्स-रे पुन्हा उजेडात धरून बघत बसले. ते मला आवडलं नाही.

पण शिकवणी बंद ठेवायचा प्रश्न नाही. अकरा मुलं आहेत. प्रश्न एवढाच, की शिकवू कशी? बावीस वर्षं माझी पद्धत ठरलेली. मी वाजवते आणि मूल माझ्याबरोबर वाजवतं. आधी माझा सूर, त्याच्या सावलीत त्याचा. त्यामुळे मुलाची भीती जाते. माझ्याकडचं मूल कधी एकटं पडत नाही, हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगते.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. व्हायोलिनच्या मानेवर कुठे बोट ठेवायचं याची काहीच खूण नसते, म्हणून लहान मुलांच्या व्हायोलिनवर मी चार बारीक पांढऱ्या चिकटपट्ट्या लावते. बोट पट्टीवर पडलं की सूर बरोबर. पट्ट्या कुठे लावायच्या त्यासाठी माझ्याकडे मास्तरांचे दोन कागद आहेत, पेन्सिलीच्या खुणा केलेले. एक निम्म्या मापाच्या व्हायोलिनचा, एक पाऊण मापाच्या. आमचे मास्तर भारी विसराळू. नवं मूल आलं की दरवेळी नवा कागद कापत बसायचे, आणि आम्ही मुली हसायचो की झालं, हरवला वाटतं जुना. मी मात्र त्यांनी शेवटी कापलेले दोन्ही कागद प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेत. बावीस वर्षांत कोपरासुद्धा दुमडलेला नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

प्लास्टरमधली पहिली शिकवणी. साडेचारला जिराफ आणि मुंगी, ही माझी बुधवार-शनिवारची जोडी. जिराफ चौदा वर्षांची, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढी उंच. पूर्ण मापाचं व्हायोलिन वाजवते आणि तिच्या पट्ट्या मी केव्हाच काढून टाकल्यात. मुंगी नऊ वर्षांची. पाठीवर स्वतःपेक्षा मोठी पेटी घेऊन भिंतीच्या कडेकडेने चालते म्हणून हे नाव. नावं मीच ठेवते, आणि मुलं मागून मलाही ठेवत असणार.

जिराफकडून दोघींच्या तारा लावून घेतल्या. मग मी दोघींना बरोबरच वाजवायला लावलं आणि हात उशीवर ठेवून बसले. स्वतः वाजवायचं नाही म्हटल्यावर करायला एकच काम उरलं, मुलांच्या बोटांकडे बघणं.

मुंगीचं बोट पट्टीवर कधीच नसतं. केसभर मागे, खुंट्यांच्या बाजूला. आतापर्यंत मी वाजवता वाजवता तिचं बोट माझ्या बोटाने पुढे ढकलायचे. आज तोंडाने सांगावं लागलं. पुढे, अजून पुढे, पट्टीवर. ठेवते, नाही असं नाही. पण मी जिराफकडे वळले की पुन्हा मागे. ह्या मुलीची बोटं म्हणजे मांजरं, हाकललं तरी आपल्या जागी येऊन बसणारी.

तिची आई बस चालवते. शिकवणीच्या दिवशी मुलीला घ्यायला यायचं म्हणून पाळी बदलून घेते आणि त्या बदल्यात रविवारी पहाटेची गाडी काढते. आज मुंगी पायात बूट घालत असताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, खरं सांगा. होईल का हे हिच्याकडून? नसेल होणार तर तेही सांगा, मी राग धरणार नाही. पण तिला उगाच आशेवर ठेवू नका."

मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत वेळ द्या. दीड वर्ष झालं ती येतेय. आजवर मी एकाही मुलाला नको म्हटलेलं नाही, काही आपणहून गेली ती वेगळी. पण ही बाई इतकं सरळ विचारते, तिला गुळमुळीत उत्तर देणं बरं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज ह्यांनी माझी वेणी घातली. शिंप्याचा हात! इतकी घट्ट, की भुवया कपाळाच्या वर गेल्या. सैल करा म्हटलं तर म्हणाले, "धुतल्यावर सैल पडते." भाजी करपली होती, पण चहा मात्र मी करते त्याहून चांगला झाला होता. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, इथे लिहून ठेवते.

एकतीस वर्षांत मी ह्यांना कितीदा घाईघाईने पुढ्यात ताट ठेवून शिकवणीला पळाले असेन. कधी कुरकुर नाही. माणूस किती गोष्टी न मोजता घेत असतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

हात रात्रीपासून ठणकत होता. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि पडून राहा म्हणाले. साडेचारला दोघी आल्या तेव्हा मी आतल्या खोलीत पडले होते. दार अर्धवट उघडं ठेवून आतूनच सांगितलं, जिराफ, तू मुंगीकडून तो नवा धडा करून घे.

थोडा वेळ खुडबुड, गजावर राळ घासल्याचा आवाज, हसणं. मग एक सूर आला. काय सांगू! अगदी स्वच्छ. धडा सोपाच, पण प्रत्येक सूर आपल्या जागी जाऊन बसत होता, कुठे चढा नाही, कुठे उतरलेला नाही. ठणका विसरून मी ऐकत राहिले. धडा संपल्यावर आतूनच ओरडले, "शाबास जिराफ!"

बाहेर एकदम शांतता झाली. मग दोघी फिदीफिदी हसल्या. मुलींचं काय, कशालाही हसतात.

जिराफचं मोठं समाधान आहे. सात वर्षं शिकतेय, आणि आज पहिल्यांदा मी तिला एकटीला वाजवताना ऐकलं. हात मोडल्याचा एवढा तरी फायदा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ह्यांना घरात स्वस्थ बसवत नाही. जाड कापडाच्या एका ताग्याचा उरलेला तुकडा माळ्यावर पडला होता, त्याच्या मुलांच्या व्हायोलिनांना खोळी शिवायचं काढलंय. म्हणजे पेटीत ठेवताना ओरखडे पडणार नाहीत. आठवड्यात सहा शिवून झाल्या. पाऊण मापाच्या चार एकदमच बेतल्या, एकावर एक कापड ठेवून.

तीन नीट बसल्या. मुंगीची सैल. हे तिच्या व्हायोलिनला खोळ घालून, चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. "पाऊण मापाचं म्हणालीस ना? हे आखूड आहे. बोटभर आखूड." मी म्हटलं, असेल हो, त्या मुलीसारखंच चिमटलेलं. तिच्या आईच्या मामांचं जुनं व्हायोलिन आहे, कोणा कारागिराने हाताने केलेलं. बाकीच्या मुलांची सगळी एकाच दुकानातली, एका साच्यातली. पण ह्यांना चैन पडेना. "आमच्या धंद्यात मापात पाप चालत नाही," म्हणून खोळ उसवायला घेतली. म्हटलं बरं झालं, माणूस कामाला लागला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज मुंगीजवळ खुर्ची ओढून बसले. ठरवलं होतं, आज तिची बोटं पट्टीवरच राहतील. नजर हलवली नाही. बिचारीने खाली मान घालून एकेक बोट बरोबर पट्टीच्या मधोमध ठेवलं आणि धडा वाजवला.

सगळा चढा. पहिल्या बोटाला थोडा, तिसऱ्याला तर कानात खुपण्याइतका.

मी दोनदा, तीनदा वाजवून घेतलं. तारा जिराफकडून पुन्हा तपासल्या, त्या ठीक होत्या. बोट आडवं पडतंय का बघितलं, तेही नाही. मग उरतं काय? बोट पट्टीवर आहे, सूर तरी चढा, आणि वाजवताना तिच्या चेहऱ्यावर काही नाही. आपण बेसूर आहोत हे तिला कळतच नाही असं दिसतं. म्हणजे कानच नाही. एवढे दिवस माझ्या सावलीत ते झाकलं गेलं.

फार वाईट वाटतंय. गुणी मुलगी आहे. जाताना माझ्या प्लास्टरवर पेन्सिलीने एक मुंगी काढून गेली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सांगितलं.

मुंगीला जिराफबरोबर बाहेर पायरीवर बसवलं आणि तिच्या आईला आत घेतलं. म्हटलं, तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून सांगते. मेहनती आहे, शहाणी आहे, पण वाद्याला लागतो तो कान तिला नाही. चित्रकलेला घाला, हात चांगला आहे.

ती गणवेशाच्या जाकिटाची चेन वरखाली करत ऐकत होती. मला वाटलं वाद घालेल. पण म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. माझ्या मामांना आवडलं असतं तिने वाजवलेलं, म्हणून मी..." माझा चांगला हात दोन्ही हातांत घेऊन आभार मानले आणि गेली.

मुंगीने पेटी पाठीवर घेतली, मला रोजच्यासारखं "येते बाई" म्हणाली. येते, म्हणाली.

मी बरोबर केलं असं ह्यांना तीनदा सांगून झालं. ते एकदाही हो म्हणाले नाहीत. मशीन चालवत राहिले.

शनिवार, १ मार्च

साडेचारला जिराफ एकटी. आज तिने एक शब्द जास्तीचा काढला नाही. वाजवलं बरं, पण त्या दिवशी आतून ऐकलं होतं तसं नाही. तसं मी तिला म्हटलंसुद्धा. त्या बुधवारी काय छान वाजवलंस, तसं वाजव.

ती गज पेटीत ठेवत होती. दारापर्यंत गेली, चौकटीत वाकून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही आतून शाबास म्हणालात ना, ते मी नव्हते. मी राळ घासत होते." आणि पायऱ्या उतरून गेली.

खोलीत दोघीच होत्या. दोनपर्यंत मला मोजता येतं.

पण मग एकोणीस तारखेला मी डोळ्यांनी बघितलं ते काय? बोट पट्टीवर होतं आणि सूर चढा होता. डोळा खरा धरू की कान? एखाद्या वेळी सहज जमून गेलं असेल. पण सगळा धडा सहज जमतो का? डोकं चालत नाहीये. उद्या विचार करीन.

मंगळवार, ४ मार्च

विचार मी केला नाही, ह्यांनी केला. तोही पंधरा तारखेलाच करून ठेवला होता.

सकाळी झाडू मारताना दारामागच्या खुंटीकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या पोरीची खोळ पडून आहे. शिकत नसली तरी व्हायोलिन आहे ना तिच्याकडे? पोचती कर." खुंट्यांवर दोन खोळी शेजारी-शेजारी लटकत होत्या, एक दुसऱ्या मुलाची न्यायची राहिलेली आणि एक मुंगीची. मुंगीची बोटभर आखूड.

मी बघत राहिले. म्हटलं, "अहो, ही आखूड का?"

"सांगितलं होतं ना तुला. पाऊण मापाच्या कागदावर बेतली तर सैल झाली. अगं, कागदावर बेतलेला कपडा कागदालाच बसतो. माणसाला बसवायचा तर माणसाचं माप घ्यावं लागतं."

मी खुर्चीत बसले.

व्हायोलिन आखूड म्हणजे तार आखूड. तार आखूड असली की बोटांच्या सगळ्या जागा खुंट्यांकडे सरकतात, पहिल्या बोटाची थोडी, तिसऱ्याची जास्त. आणि मी तिच्या व्हायोलिनवर पट्ट्या लावल्या त्या मास्तरांच्या पाऊण मापाच्या कागदावरून. म्हणजे दीड वर्ष पट्टी चुकीची होती आणि मुलीचं बोट बरोबर. मी रोज ते बरोबर बोट ढकलून चुकीच्या जागी नेत होते, आणि माझाच सूर एवढा मोठा, की तिचा काय होतोय ते मला ऐकू येत नव्हतं. शेवटी हात मोडला, तिला ऐकायची वेळ आली, तेव्हाही मी कान सोडून डोळा खरा धरला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. कान नाही म्हणे! कान मला नव्हता.

आणि मास्तर विसराळू नव्हते. ते प्रत्येक मुलासाठी नवा कागद कापायचे, कारण प्रत्येक व्हायोलिन वेगळं असायचं. आम्ही त्यांना हसायचो. तेही आमच्याबरोबर हसायचे, कधी समजावून सांगितलं नाही.

दिवसभर अजून एक मूल आठवतंय. ससा म्हणायचे मी त्याला. नऊ-दहा वर्षांपूर्वी एक जुनं, काळपट व्हायोलिन घेऊन यायचा. त्याचंही बोट कधी पट्टीवर नसायचं. वर्षभराने आपणहून यायचा थांबला. ते कुटुंब गाव सोडून गेलं, पत्ता नाही. त्याला आता मी काय सांगणार, आणि कुठे?

पण मुंगीचा पत्ता आहे.

बुधवार, ५ मार्च

तिच्या आईची गाडी कुठली ते जिराफला माहीत होतं. दुपारी खोळ घेऊन थांब्यावर उभी राहिले. हे सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. तिसरी बस तिची आली. तिने मला ओळखलं, हसली, हाताकडे बघून बसायला जागा दाखवली. मी तिच्या अगदी मागच्या बाकावर बसले आणि तोंड उघडणार, तोच डोक्यावरची पाटी दिसली: गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.

सोळा थांबे. सोळा थांबे मी ती आखूड खोळ मांडीवर घेऊन, तिच्या मानेमागच्या जाकिटाच्या कॉलरकडे बघत गप्प बसले. बोलायचं सगळं वाक्यावार पाठ करून आले होते, ते एकेका थांब्यावर उतरून गेलं.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली. तिने डबा उघडला. मी म्हटलं, "तुमच्या मुलीचा कान चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला. माझं माप चुकलं होतं आणि दोष मी तिला दिला." मग खोळ दाखवून सगळं सांगितलं. कागद, पट्ट्या, शाबास जिराफ, सगळं.

डब्याचं झाकण हातात तसंच होतं. मग म्हणाली, "रडली नाही ती. मी म्हटलं, बाईंना कळतं त्यातलं. हो म्हणाली आणि व्हायोलिन पलंगाखाली ठेवलं. पण रोज संध्याकाळी टेबलाच्या कडेवर बोटं चालवते. मला वाटतं तिला कळतही नाही आपण चालवतोय ते."

मला रडू आलं. प्लास्टरच्या हाताने डोळे पुसता येत नाहीत, दुसऱ्या हातात खोळ होती.

"तिला तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "माझ्या तोंडून नको. मी तिला एकदा एक सांगितलंय. शनिवारी पाठवते."

राग असणार. असलाच पाहिजे. परतीच्या वाटेवरही पाटी होतीच, आम्ही बोललो नाही. पण माझा थांबा आमच्या गल्लीच्या पुढे आहे, चांगला दोनशे पावलं. तिने गाडी गल्लीच्या तोंडाशीच हळूच उभी केली, धक्का बसणार नाही अशी, आणि मी नीट उतरेपर्यंत आरशात बघत राहिली. घरी येऊन ह्यांना पहिलं तेच सांगितलं.

शनिवार, ८ मार्च

आली. भिंतीच्या कडेकडेने, पाठीवर पेटी.

जिराफसमोरच सांगितलं, कारण चूकही तिच्यासमोरच केली होती. म्हटलं, मुंगे, तुझं बोट बरोबर होतं आणि माझी पट्टी चूक होती. मी तुझ्या आईला तुझ्याबद्दल खोटं सांगितलं. मला खोटं आहे ते माहीत नव्हतं, पण होतं खोटंच. माझं चुकलं.

ती जिराफकडे बघायला लागली. मोठी माणसं असं बोलली की मुलांना अवघडल्यासारखं होतं, ते मला दिसत होतं. म्हणून ह्यांना हाक मारली. हे गळ्यात टेप अडकवूनच आले, जणू गिऱ्हाईक आलंय. व्हायोलिनचं माप घेतलं, मी पानाच्या डोक्यावर 'उंची'च्या रकान्यात लिहून घेतलं. ह्या वहीत पहिल्यांदाच एक माप पडलं. तार साच्यातल्या पाऊण मापापेक्षा पावणेदोन सेंटिमीटरने आखूड निघाली. मग मुंगीनेच नखाने चारही पट्ट्या सोलून काढल्या आणि गोळी करून खिशात टाकली.

"आता बोट कुठे ठेवू?"

"तुला बरोबर वाटेल तिथे."

मी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. तिने वाजवलं. तोच तो बुधवारचा सूर. ह्यांनी टेपची गुंडाळी करायची थांबवली.

नंतर मी तिला विचारलं, पट्टी चुकीची आहे हे तुला माहीत होतं? मान हलवली. मग सांगितलं का नाहीस?

"मला वाटलं, पट्टीवर ठेवायचं ते तुम्ही बघत असताना. आणि बरोबर ठेवायचं ते नंतर."

जिराफ हसून लोळायची बाकी राहिली. मीही हसले. आत जाऊन पाणी प्यायले तेव्हा मात्र हसू राहिलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीने मला सांभाळून घेतलं, दीड वर्ष.

बुधवार, १२ मार्च

ह्या आठवड्यात सगळ्या मुलांची व्हायोलिनं मोजली. हे मोजतात, मी लिहिते, मग ते कात्रीने नवा कागद कापतात. पाच लहान मुलांच्या पट्ट्या होत्या. दोघांच्या केसभर सरकवल्या, बाकीच्यांच्या बरोबर होत्या. मास्तरांचे दोन कागद फेकले नाहीत. ते बरोबरच होते, ज्यांच्यासाठी कापले त्यांच्यासाठी.

आणि नवा नियम: प्रत्येक मुलाने दहा मिनिटं एकट्याने वाजवायचं, मी खिडकीकडे तोंड करून ऐकायचं. पहिल्या दिवशी दोघं घाबरले. एकाने विचारलं, बाई, तुम्ही रुसलात का? पण गंमत अशी, की पाठ फिरवल्यावर मला अकरा मुलांचे अकरा सूर ऐकू येतात. बावीस वर्षं मी एकच ऐकत होते.

हात मोडला नसता तर मी वाजवतच राहिले असते. स्टुलाचे आभार मानावेत की काय! हे म्हणतात, त्याला हार घाल.

सोमवार, १७ मार्च

प्लास्टर निघालं. मुंगीने काढलेली मुंगी कापून ठेवायला मागितली, डॉक्टरांनी हसून तो तुकडा दिला. आतला हात माझा वाटत नाही, बारीक, फिकट, आणि मनगट अर्ध्यावर अडतं. डॉक्टर म्हणाले, बोटं येतील हळूहळू, मनगट पूर्ण वळेलच असं नाही. वाजवा, पण पूर्वीसारखं होईल ही अपेक्षा धरून नको.

घरी आल्यावर पेटी उघडली नाही.

शुक्रवार, २८ मार्च

अजून उघडलेली नाही. हे काही विचारत नाहीत. आज फक्त माझ्या पेटीवरची धूळ पुसून ठेवली.

शनिवार, ५ एप्रिल

आज शिकवणी संपल्यावर मुंगीची आई यायला उशीर होता. पाळी बदलून मिळाली नव्हती, ती गाडी लावून परस्पर येणार होती. जिराफ गेली. मुंगी पायात बूट घालून बसली आणि एकदम म्हणाली, "बाई, तुमचं कधी?"

मुलं असं विचारतात की थापही मारता येत नाही. मी पेटी उघडली. दोन महिन्यांनी. तारा उतरल्या होत्या, त्या लावल्या, गजाला राळ घासली, हनुवटी टेकवली. तिचाच धडा घेतला, म्हटलं सोपा आहे.

पहिलं बोट बरं पडलं. तिसरं पडेना. मनगट वळत नाही म्हणून बोट कुठेतरी भलतीकडे पडतं, आणि मी त्याच्याकडे डोळे फाडून बघत होते, ये बाबा जागेवर, ये. सूर चढा. पुन्हा चढा. मी गज खाली ठेवणार होते. इतकी वर्षं मुलांना दिलेलं सगळं धैर्य त्या वेळी कुठे गेलं होतं कोण जाणे.

"बाई," मुंगी म्हणाली, "तुम्ही बघू नका. खिडकीकडे तोंड करा."

मी केलं. बाहेर अजून कोणाच्या पावलांचा आवाज नव्हता, गल्ली रिकामी होती. मागे पेटीची कडी वाजली. तिने आपलं व्हायोलिन काढलं, बूट घातलेल्या पायांनी जवळ येऊन उभी राहिली.

"आता तिसरं. थोडं मागे. अजून थोडं."

मी बोट मागे घेतलं. आणि तिने वाजवायला सुरुवात केली, हळू, मला जमेल एवढ्या संथ. आधी तिचा सूर, त्याच्या सावलीत माझा. बोट दोनदा चुकलं, ती थांबली नाही, पुढच्या सुरावर माझी वाट बघत राहिली. मी पोचले. आतल्या खोलीत मशीन बंद झालं होतं.

ही पद्धत माझीच. बावीस वर्षं मी ती मुलांसाठी वापरली, पण त्या सावलीत उभं राहिल्यावर कसं वाटतं ते मला आज कळलं. धडा संपेपर्यंत मी एकटी पडले नाही.